दोन केबल, एक रस्ता

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सगळे व्यवहार थांबवले. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाच वाजेपर्यंत चालला. मधले चार तास देशभरातल्या ज्या लोकांचे सौदे अर्धवट अडकले होते, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मुंबईचा जुना शेअर बाजार, म्हणजे बीएसई, चालू होता, पण एनएसईवरचा प्रत्येक सौदा तिथे जाऊन पुरा करता येत नाही.

खरेदीदार आणि विक्रेता यांची गाठ घालून देणारी मुख्य यंत्रणा त्या वेळी व्यवस्थित चालू होती. बंद पडली होती ती तिच्या शेजारची, प्रत्येक सौद्यामागे पुरेशी तारण रक्कम आहे की नाही हे तपासणारी जोखमीची यंत्रणा. ही तपासणी नसताना सौदे होऊ देणं म्हणजे कोण किती बुडू शकतो हे न बघता बाजार चालवणं, म्हणून सगळंच थांबवावं लागलं. एनएसईने पुढच्या महिन्यात दिलेलं स्पष्टीकरण असं होतं: मुख्य केंद्र आणि मुंबईतलंच जवळचं राखीव केंद्र यांच्यात माहितीची नक्कल सतत चालू असते. त्यासाठी दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन घेतलेल्या होत्या. दोन्ही केंद्रांमधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होतं आणि त्यात दोन्ही कंपन्यांच्या लाइन डळमळल्या. लाइन तुटली तर मुख्य केंद्रातल्या स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायला हवं होतं. ते झालं नाही. सर्व्हर जागेवर होते, पण त्यांना आपलीच माहिती वाचता येईना.

दोन कंपन्या, दोन करार, दोन बिलं आणि खाली एकच रस्ता. वाढत्या संस्थेच्या संगणक व्यवस्थेचं नियोजन करायला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी या रस्त्याकडे बघावं असं मला वाटतं. आपल्याकडे नियोजनाची बैठक ‘किती सर्व्हर घ्यायचे’ इथून सुरू होते. ‘कोणकोणत्या गोष्टी एकाच वेळी बंद पडतील’ हा प्रश्न बहुधा पहिल्या मोठ्या घोटाळ्यानंतर कागदावर येतो, आणि तोवर सर्व्हरचे पैसे देऊन झालेले असतात.

याच संस्थेची सुरुवात मात्र फार विचारपूर्वक झाली होती. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनी स्थापन झाली. आयडीबीआयमधून आलेले डॉ. आर. एच. पाटील तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. ३ नोव्हेंबर १९९४ ला तिथे शेअरचे व्यवहार सुरू झाले. त्या वेळी मुंबईच्या जुन्या बाजारात हातवारे आणि आरडाओरडा करून सौदे होत, आणि फोनची लाइन कधी मुकी होईल याचा भरवसा नसे. नव्या बाजाराला तर लहानमोठ्या शहरांतले दलालही जोडायचे होते. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या तारांचा नाद सोडला आणि उपग्रहाचा मार्ग घेतला. दलालाच्या गच्चीवर एक छोटी तबकडी, ज्याला व्हीसॅट म्हणतात, आणि खाली ऑफिसात संगणक. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. ऑर्डर वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव सेकंद. आजच्या हिशेबाने हे फार झालं, पण तेव्हाच्या फोनपुढे ते काहीच नव्हतं.

या रचनेची खुबी वेगात नव्हती. नवं शहर जोडायचं तर त्या शहरातल्या गच्चीवर एक तबकडी बसवली की काम होई, मुंबईतल्या केंद्रात फारशी उलथापालथ करावी लागत नसे. दहावा दलाल जोडण्याची आणि पाचशेवा दलाल जोडण्याची कटकट जवळपास सारखीच. वाढ पेलणारी व्यवस्था ओळखायची माझ्या मते हीच खूण आहे. पुढचं एकक जोडताना मधला गाभा किती हलवावा लागतो, ते बघायचं. वर्षभरात एनएसईची उलाढाल बीएसईच्या पुढे गेली. आणि ती तबकडी रस्त्यावरच्या कोणत्याही खोदकामापासून मुक्त होती.

आता इतक्या मोठ्या संस्थेवरून आपल्या मापाच्या संस्थेकडे येऊ. समजा, मुलुंड पश्चिमेला एक पॅथॉलॉजी लॅब आहे. एका गाळ्यात सुरू झाली, आता भांडुप, घाटकोपर, विक्रोळी मिळून तिची बारा कलेक्शन सेंटर आहेत. दिवसाला १,२०० सॅम्पल येतात. भागाकार केला तर तासाला ५० पडतात. या आकड्यावर मशीन घेतलं तर ते पहिल्याच सोमवारी कोलमडेल, कारण रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. सकाळी सात ते दहा या तीन तासांत साठ टक्के सॅम्पल येतात असं धरलं तर ७२० होतात, म्हणजे तासाला २४०. सरासरीच्या जवळजवळ पाचपट. संध्याकाळी तीच माणसं व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून रिपोर्ट उघडतात, एकदा नव्हे, डॉक्टरांना आणि मुलाला दाखवायला पुन्हा पुन्हा. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू-मलेरियाची साथ आली की यावर आणखी बोजा. दिवसाची सरासरी या कामात जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे. लॅबच्या मालकाने आपल्या सॉफ्टवेअरमधून तासागणिक नोंदी काढाव्यात, गेल्या वर्षीच्या सर्वांत वाईट आठवड्याच्या.

मालक म्हणेल, आमचं मशीन तासाला ३०० नोंदी करतं आणि काम आहे २४० चं, मग अजून साठची जागा आहे. इथेच रांगेचं गणित आडवं येतं. माणसं ठरावीक अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. अशा रांगेचं साधं सूत्र असं की यंत्र ८० टक्के गुंतलेलं असेल तर एका कामाला लागतो त्याच्या चौपट वेळ सरासरी रांगेत जातो. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तासाला ३०० म्हणजे एका नोंदीला १२ सेकंद. २४० च्या गतीला रांगेतली वाट ४८ सेकंदांची. तीच गती २८५ वर गेली, म्हणजे काम वीस टक्केसुद्धा वाढलं नाही, की वाट जवळजवळ चार मिनिटांवर जाते. म्हणून ‘कालपर्यंत नीट चालत होतं’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. काल ८० टक्के होतं. गर्दीच्या वेळी यंत्र साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेलं की नव्या खरेदीचा विचार सुरू करावा, कारण मंजुरी, कोटेशन आणि डिलिव्हरी यांत महिने जातात.

भार वाढल्यावर दोन वाटा असतात. एकच मशीन मोठं करायचं, किंवा शेजारी दुसरं उभं करायचं. पहिली वाट सोपी आहे आणि बरीच वर्षं पुरते. तिची लाज वाटायचं कारण नाही. लॅबने उगाच दहा सर्व्हरांचं जाळं विणू नये. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळावी: माहिती एका जागी आणि काम करणारा भाग दुसऱ्या जागी. रिपोर्टच्या पीडीएफ फाइली आणि रुग्णांच्या नोंदी ज्या मशीनवर सॉफ्टवेअर चालतं त्याच मशीनच्या सी ड्राइव्हमध्ये पडून असतील, तर दुसरं मशीन आणलं तरी ते कामाला लावता येत नाही. मोठी होत चाललेली किती तरी ऑफिसं एवढ्या एका कारणाने अडलेली असतात.

क्लाउडबद्दल थोडक्यात. अॅमेझॉनने आपलं मुंबईतलं केंद्र २०१६ च्या जूनमध्ये सुरू केलं आणि पाठोपाठ इतरही आले. सकाळच्या तीन तासांची आणि साथीच्या दोन महिन्यांची वाढीव गरज भाड्याने भागवता येते हा त्याचा खरा फायदा. वर्षभर एकसारखा चालणारा भार मात्र भाड्यावर महाग पडू शकतो. निर्णय तासागणिक नोंदींवरून घ्यावा, सेल्समनच्या सादरीकरणावरून नको.

आता पुन्हा रस्त्याकडे. इंटरनेटची एक लाइन वर्षातला एक टक्का वेळ बंद राहते असं धरू. म्हणजे वर्षाला साडेतीन दिवसांहून जास्त. तशाच दोन लाइन घेतल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाचा शंभरावा भाग, दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाकाठी ५३ मिनिटं. किती सुंदर आकडा! पण तो खरा ठरायला एक अट आहे, दोन्ही लाइन एकमेकींशी संबंध नसताना बंद पडल्या पाहिजेत. उपनगरात ही अट क्वचित पाळली जाते. अनेकदा दोन कंपन्यांच्या केबल एकाच नळातून येतात, किंवा शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवरून एकाच जुडग्याने आपल्या गच्चीवर उतरतात. लिंक रोडवर आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर मेट्रोसाठी वर्षानुवर्षं खोदकाम झालं. लाल बहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड मेट्रो ४ चं काम चाललं. शिवाय रस्त्यांचं काँक्रिटीकरण. जेसीबीच्या दात्याला कोणत्या केबलवर कोणत्या कंपनीचं नाव आहे हे कळत नाही.

म्हणून लाइन घेताना वेगाआधी विचारायचं ते हे: केबल कोणत्या रस्त्याने येते, इमारतीत कोणत्या बाजूने शिरते, आणि शेवटचा टप्पा तुमचा स्वतःचा आहे की दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेला? नकाशावर रेघ ओढून मागायची. दुसरी लाइन निराळ्या मार्गाची मिळत नसेल तर ती जमिनीवरून घेऊच नये. गच्चीवरचा रेडिओ लिंक किंवा मोबाइलचं ५जी चालेल. वेग कमी मिळेल, पावसात थोडा डगमगेल, पण जेसीबी तिथे पोचणार नाही.

हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. समुद्राखालून मुंबईला येणाऱ्या बहुतेक आंतरराष्ट्रीय केबल अंधेरी पश्चिमेच्या वर्सोव्याजवळच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यातच किनाऱ्याला लागतात. देशाच्या परदेशाशी होणाऱ्या इंटरनेट व्यवहाराचा मोठा भाग इतक्या चिंचोळ्या जागेतून जावा ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते.

राखीव केंद्र किती लांब असावं? शेजारी असलं तर एकाच पुरात दोन्ही जातात. लांब असलं तर प्रकाशाचा वेग आडवा येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एनएसईचं दूरचं राखीव केंद्र चेन्नईला आहे, सरळ रेषेत हजार किलोमीटरहून लांब. जाऊन-येऊन किमान सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा मिलिसेकंद. प्रत्येक नोंद ‘तिकडे पोचली’ असं उत्तर येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर एवढा विलंब प्रत्येक सौद्याला लागेल. म्हणून तिळमात्र माहिती हरवू नये यासाठी जवळचं केंद्र आणि शहरच बुडालं तर लांबचं, अशी दुहेरी सोय करतात. लॅबला इतकी झगमग परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. दिवसभर दर पंधरा मिनिटांनी शहराबाहेर एक नक्कल गेली तरी सकाळच्या गर्दीत साठेक सॅम्पलच्या नोंदी हरवतील, त्या हातातल्या नळ्यांवरून पुन्हा भरता येतात. किती माहिती हरवली तर चालेल आणि किती वेळ बंद राहिलं तर चालेल, हे दोन आकडे मालकाने स्वतः ठरवायचे असतात. संगणकवाल्याने ते ठरवले की एक तर पैसे वाया जातात, नाही तर माहिती.

पुराचं तर उपनगराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल हा सगळा परिसर बुडवला. त्यानंतर सर्व्हर वरच्या मजल्यावर न्यायची शहाणी पद्धत पडली. पण वर सर्व्हर नेला तरी इमारतीचा मीटर बॉक्स, मुख्य पॅनेल आणि जनरेटरची डिझेल टाकी खालीच असते. सर्व्हरपासून विजेच्या वायरीचा माग काढत खाली जावं, अगदी रस्त्यावरच्या फीडर पिलरपर्यंत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि उपनगरांच्या काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. शेअर बाजार मात्र त्या दिवशी चालू राहिले. ज्यांच्याकडे फक्त अर्ध्या तासाचा यूपीएस होता त्यांना त्या दिवशी जनरेटरची किंमत कळली.

भार वाढण्याचं एक कारण मात्र नोंदींच्या आकड्यांतून सहसा दिसत नाही, आणि ते यूपीआयने ठळकपणे दाखवलं. यूपीआय चालवणारी एनपीसीआय हीसुद्धा वांद्रे-कुर्ला संकुलातलीच. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली तेव्हा २१ बँका होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार १०० कोटींच्या पुढे गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींच्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या. हा शेवटचा आकडा सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास जातो, गर्दीच्या वेळी अर्थात कितीतरी जास्त. इतकी वाढ पेललेली यंत्रणा १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी काही तास अडखळली. ताण पैसे पाठवणाऱ्यांचा नव्हता. काही बँकांकडून ‘या व्यवहाराचं काय झालं?’ अशी विचारणा पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा, येत राहिली आणि तिच्या लोंढ्याने रस्ता अडला.

हे दुष्टचक्र फार क्रूर असतं. यंत्रणा थोडी मंदावली की उत्तर उशिरा येतं, उत्तर आलं नाही म्हणून समोरचा पुन्हा विचारतो, त्या विचारण्याने ती आणखी मंदावते. जास्त मशीन आणून यावर उपाय होत नाही, कारण विचारणाराही यंत्रच असतो आणि तो कंटाळत नाही. एनपीसीआयने नियम घातले. व्यवहाराची स्थिती पहिल्यांदा विचारायला ९० सेकंद थांबायचं आणि विचारणा तीनदाच करायची. १ ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवर खात्यातली शिल्लक दिवसाला ५० वेळाच बघता येते, आणि आपोआप वळत्या होणाऱ्या हप्त्यांची कामं सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते साडेनऊ या गर्दीच्या वेळांबाहेर करायची. आपल्या लॅबमध्येही हेच घडतं. कलेक्शन सेंटरवरचं सॉफ्टवेअर दर दोन सेकंदांनी ‘रिपोर्ट तयार झाला का’ विचारत असेल तर ते तीस सेकंदांवर आणा. महिन्याच्या बिलांचा हिशेब सकाळी आठला चालत असेल तर रात्री एकला हलवा. यात एक रुपया खर्च होत नाही, आणि माझ्या अनुभवात क्षमता वाढवायचा याहून स्वस्त मार्ग दुसरा नाही.

राहिलं ते चालू व्यवस्था न थांबवता बदलणं. याचा उत्तम धडा उपनगरी माणसाच्या डोक्यावरून रोज गेलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत पहिली विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत धावली ती १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. गाड्या वाढल्या, डबे नवाचे बारा झाले, आणि ही वीज पुरेना. २५ हजार व्होल्टची एसी वीज आणायची होती, पण लोकल एक दिवसही बंद ठेवता येत नव्हती. रेल्वेने आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. त्या पुरेशा झाल्यावर तारांचा एकेक टप्पा रात्रीच्या आणि रविवारच्या ब्लॉकमध्ये बदलत नेला. पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं जून २०१५ मध्ये आणि हार्बरचं एप्रिल २०१६ मध्ये पुरं झालं. लॅबने नवं सॉफ्टवेअर आणताना हाच क्रम ठेवावा. आधी जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदवह्या वाचू शकणारी आवृत्ती सगळ्या सेंटरांवर जाऊ द्यावी, मग एकेक सेंटर वळवावं, भांडुपचं आधी, मुलुंडचं मुख्य सगळ्यात शेवटी. शनिवारी रात्री सगळं बदलून सोमवारी सकाळी सातला उघडायचं हा बेत ऐकायला धडाडीचा वाटतो. तो मोडला तर रांगेतले उपाशी लोक ताटकळत बसतात.

आणि राखीव व्यवस्था चालते की नाही हे तपासायचं ते भर दिवसा, खऱ्या कामावर. एनएसईच्या २०२१ च्या घटनेनंतर बाजारांची नियामक संस्था सेबीने नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा अडली तर अर्ध्या तासात ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करायचं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, शेअर बाजारांनी मुद्दाम बाजार उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे. लॅबसाठी याचं रूप साधं आहे. तिमाहीतून एकदा, दुपारी तीनला, कुणालाही आधी न सांगता मुख्य लाइनची वायर राऊटरमधून काढायची आणि घड्याळ लावायचं. रिसेप्शनवरच्या मुलीला काय दिसलं, तिने कुणाला फोन केला, तो नंबर लागला का, देखभालीचं कंत्राट असलेल्या माणसाचं उत्तर किती मिनिटांनी आलं, हे वहीत लिहायचं. मग बॅकअपमधून गेल्या मंगळवारचा एखादा रिपोर्ट काढून दाखवायला सांगायचं. बॅकअप ‘होतोय’ असा हिरवा दिवा महिनोन्महिने लागलेला असतो आणि त्यातून एक फाइलही परत काढता येत नाही, असं बाहेर येतं ते अशाच दुपारी. तेव्हा संध्याकाळच्या रिपोर्टांना अजून दोन तास असतात आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.